उजेड बाहेरचाच असतो

प्राण्यांच्या चमकणाऱ्या डोळ्यांवरचा लेख चांगला आहे, पण त्यातलं 'प्राण्यांचे डोळे अंधारात प्रकाश देतात' हे वाक्य खटकलं. मिट्ट काळोखात मांजराचेही डोळे चमकत नाहीत, बाहेरून उजेड पडावा लागतो. मांजरासारख्या प्राण्यांच्या दृष्टिपटलामागे, म्हणजे डोळ्यातल्या उजेड टिपणाऱ्या पडद्यामागे, टॅपेटम ल्युसिडम नावाचा चकचकीत थर असतो. पटलातून निसटलेला उजेड तो परत पटलावर फेकतो, म्हणजे तोच उजेड दुसऱ्यांदा कामी येतो. त्यातूनही सुटलेला आपल्याला दिसतो.

आमच्या सोलापूर-बार्शी रस्त्याला नान्नजच्या पुढंमागं रात्री रानात मेंढरं बसवलेली असली, की हेडलाइटमध्ये निळसर-हिरवे ठिपकेच ठिपके! शेजारी उभ्या मेंढपाळाचे डोळे मात्र कोरे. माणसात हा थर नाहीच, डुकरातही नाही. फ्लॅशच्या फोटोत आपले डोळे लाल येतात ते मागच्या रक्तवाहिन्यांमुळे. हे लेखात यायला हवं होतं.

आणि एक करून बघा. बॅटरी कपाळाला टेकवून गवतावर मारा. बारीक ठिणग्या दिसल्या तर दव समजू नका, बऱ्याचदा कोळी असतात ते! बॅटरी कमरेपाशी धरली की गायब, कारण उजेड आल्या वाटेनंच परततो.