शून्य ते एकच्या मधलं काहीतरी

इंजिनिअरिंगच्या बाकीच्या विषयांत चुकीचं उत्तर निदान आरडाओरडा तरी करतं. बीमचं गणित फसलं तर वरून भार टाकल्यावर बीम आणखी वर उचलला जातो. सर्किटमध्ये चिन्ह चुकलं की साधा रेझिस्टर ऊर्जा निर्माण करायला लागतो. थर्मोमध्ये इंजिनाची कार्यक्षमता 140 टक्के येते, आणि माणूस मुकाट्याने मागच्या पानावर जाऊन चूक शोधायला लागतो. प्रॉबॅबिलिटी अँड स्टॅटिस्टिक्सच्या कोर्समध्ये ही सोय नाही. इथे उत्तर शून्य आणि एकच्या मधे पडलं की ते बरोबरच दिसतं. 0.0228 काय नि 0.0287 काय, दोघांचे चेहरे सारखेच सोज्वळ. या विषयाबद्दल माझी मुख्य तक्रार हीच. बाकीच्या तक्रारी तिच्याच पोटातल्या.

सुरुवात फासे, पत्ते आणि नाण्यांनी होते. म्हणजे पूल बांधायला आणि मोटारी बनवायला आलेल्या मुलांना आधी काही आठवडे जुगार शिकवला जातो. त्यालाही परंपरा आहे. 1654 साली पास्कल आणि फर्मा या गणितज्ञांत जो पत्रव्यवहार झाला, त्यात शेवालिए द मेरे नावाच्या गृहस्थांचं एक गाऱ्हाणं आहे. एक फासा चार वेळा टाकून निदान एकदा सहा पडेल ही पैज फायद्याची. मग दोन फासे चोवीस वेळा टाकून निदान एकदा दोन्हींवर सहा पडतील ही का नाही? सहात चार, छत्तीसात चोवीस, प्रमाण तर तेच! प्रत्यक्षात पहिलीची संभाव्यता 0.5177 आणि दुसरीची 0.4914. साडेतीनशे वर्षांनंतरही वर्गात तोच हिशोब चालतो: एक षष्ठांश चार वेळा मिळवा, झाले दोन तृतीयांश. याच न्यायाने सहा वेळा फासा टाकला तर सहा पडणारच, आणि सातव्या वेळी संभाव्यता सात षष्ठांश. चूक सातव्या फेकीला ओरडते, पण पेपर काढणारे चारावरच थांबतात.

उपाय अगदी छोटा आहे. ‘किमान एक’ दिसलं की ‘एकही नाही’ची संभाव्यता काढायची आणि ती एकातून वजा करायची. दोन टक्के बोल्ट सदोष, खोक्यात वीस बोल्ट, तर किमान एक सदोष निघण्याची संभाव्यता 1 वजा 0.98 चा विसावा घात, म्हणजे 0.3324. एका ओळीत काम संपतं. तरीही एक सदोष, दोन सदोष, तीन सदोष असं करत वीसपर्यंत बेरीज मांडणारे शूर असतातच. त्यांचं उत्तरही बरोबर येतं, फक्त पेपर संपल्यावर.

मग ‘कंडिशनल’ (एक गोष्ट घडली आहे असं धरून दुसरीची संभाव्यता) नावाचं प्रकरण येतं आणि इंजिनिअरची सगळी अक्कल गहाण पडते. एक लाख सुटे भाग, त्यांतले 0.1 टक्के खराब. तपासणीचं यंत्र खराब भागांपैकी 99 टक्के पकडतं आणि चांगल्यांपैकी 2 टक्क्यांवर उगाच लाल दिवा लावतं. लाल दिवा लागला. भाग खराब असण्याची संभाव्यता किती? कोणालाही विचारा, ‘99 टक्के’ असं छातीठोक उत्तर येईल. आता सूत्र बाजूला ठेवून नुसती डोकी मोजा. खराब भाग 100, त्यांतले 99 पकडले. चांगले 99,900, त्यांतल्या 1,998 वर नाहक आळ. लाल दिवे एकूण 2,097, खरे खराब 99. उत्तर जेमतेम 4.7 टक्के. ‘खराब असताना दिवा लागणं’ आणि ‘दिवा लागला असताना खराब असणं’ या दोन गोष्टींची अदलाबदल हा या कोर्सचा राष्ट्रीय खेळ आहे. ही गाठ सोडवणारं सूत्र ज्यांच्या नावाचं, त्या थॉमस बेझ यांनी आपला निबंध हयातीत छापलाच नाही. ते 1761 साली वारले, आणि 1763 साली मित्र रिचर्ड प्राइस यांच्यामुळे तो उजेडात आला. तेव्हा बेझचं सूत्र पाहून कोणी गांगरलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. फक्त एक लाखाचा तक्ता मांडावा. अपूर्णांकांपेक्षा डोकी मोजणं केव्हाही सोपं.

‘इंडिपेंडंट’ आणि ‘म्युच्युअली एक्सक्लुझिव्ह’ हे एकच आहे असं मानणारा एक मोठा पंथ आहे. त्यांना एवढंच सांगावं: एक घटना घडली की दुसरी घडूच शकत नसेल, तर ती पहिलीपासून स्वतंत्र कसली? उलट पक्की बांधलेली. दोन्हींची संभाव्यता शून्याहून जास्त असेल, तर या दोन गोष्टी एकत्र नांदूच शकत नाहीत.

पॉइसाँ (ठरावीक वेळात एखादी घटना किती वेळा घडेल ते सांगणारं वितरण) हा माणूस गरीब आहे, त्रास त्याच्या लॅम्डाचा, म्हणजे त्या वेळेतल्या सरासरीचा. तासाला सरासरी 6 फोन येतात. पुढच्या 20 मिनिटांत एकही न येण्याची संभाव्यता? लॅम्डा आधी 20 मिनिटांचा करून 2 घ्यायचा, उत्तर 0.1353. घाईत 6 च ठेवला तर 0.0025, आणि तेही तितकंच सभ्य दिसतं. या वितरणाचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण 1898 सालचं, बोर्टकिविझ यांचं: प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेने मेलेले सैनिक. एक तुकडी एक वर्ष, अशा 200 नोंदी, एकूण मृत्यू 122, सरासरी 0.61. एकही मृत्यू नाही अशा नोंदी पॉइसाँच्या हिशोबाने 108.7 यायला हव्यात, प्रत्यक्षात 109. घोडे इतके शिस्तीत लाथा मारतात आणि आपल्याला लॅम्डाचं एकक सांभाळता येत नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

आता नॉर्मल टेबल, म्हणजे घंटेच्या आकाराच्या नॉर्मल वक्राखालची संभाव्यता देणारा तक्ता. इथे जरा थांबू, कारण सगळ्यांत जास्त रक्त इथेच सांडतं. टेबलात शिरायचं ते झेड घेऊन, म्हणजे सरासरीपासूनचं अंतर किती स्टँडर्ड डेव्हिएशन (आकड्यांच्या पसरटपणाचं माप) आहे ते घेऊन. टेबलं तीन जातींची असतात. झेड 1.96 साठी एक म्हणतं 0.4750, कारण ते मधल्या शून्यापासून मोजतं. दुसरं म्हणतं 0.9750, कारण ते पार डावीकडच्या अनंतापासून निघालेलं असतं. तिसरं म्हणतं 0.0250, ते फक्त उजवं शेपूट दाखवतं. पुस्तकात एक जात, सरांच्या नोट्समध्ये दुसरी आणि परीक्षेत वाटलेल्या कागदावर तिसरी, असा योग दुर्मीळ नाही. वर छापलेलं ते इवलंसं घंटेचं चित्र आणि त्यातला काळा केलेला भाग पाहावा हे खरं, पण झेरॉक्सची झेरॉक्स निघता निघता ते चित्रच काळं झालेलं असतं. तेव्हा डाव्या वरच्या कोपऱ्यात जायचं. पहिल्या घरात 0.0000 असेल तर पहिली जात. 0.5000 असेल तर लगेच खूश व्हायचं नाही, शेजारचं घर बघायचं: 0.5040 असेल तर दुसरी जात, 0.4960 असेल तर तिसरी. पाच सेकंदांचं काम. पण ती पाच सेकंदं कोणी देत नाही, कारण सगळ्यांना थेट 1.9 ची ओळ आणि 0.06 चा स्तंभ गाठायची घाई.

टेबल जमलं की अर्ध्याचा झगडा. नाणं 100 वेळा उडवलं, 60 किंवा जास्त छापे पडण्याची संभाव्यता? बायनोमियलचं (इतक्या फेकींत किती छापे पडतील ते नेमकं मोजणाऱ्या वितरणाचं) अचूक उत्तर 0.0284. नॉर्मलने अंदाजे काढताना 60 च घेतला तर झेड 2 आणि उत्तर 0.0228. 59.5 घेतला तर झेड 1.9 आणि 0.0287. बायनोमियलमधला 60 हा 59.5 ते 60.5 एवढी जागा अडवून बसतो. 60 पासून मोजायला लागलं की त्याचं डावं अर्धं अंग कापलं जातं. ‘किंवा जास्त’ असेल तर अर्धा कमी, ‘पेक्षा जास्त’ असेल तर अर्धा वाढवायचा. हे कळतं सगळ्यांना, पण पेपरात अर्धा नेमका उलट्या बाजूला पळतो.

माझा लाडका प्रश्न मात्र शाफ्ट आणि भोकाचा. भोकाचा व्यास सरासरी 25.05 मिलिमीटर, स्टँडर्ड डेव्हिएशन 0.04, शाफ्टचा व्यास सरासरी 25.00, डेव्हिएशन 0.03. दोन्ही नॉर्मल, एकमेकांपासून स्वतंत्र. शाफ्ट भोकात न जाण्याची संभाव्यता? भोकातून शाफ्ट वजा केला की सरासरी फट 0.05. वजाबाकीची लहर लागलेला हात व्हेरियन्सही (डेव्हिएशनचा वर्ग) वजा करतो: 0.0016 वजा 0.0009, वर्गमूळ 0.0265, आणि उत्तर 0.0294. पण वजा करा की मिळवा, व्हेरियन्सची बेरीजच होते; दोन बेभरवशाच्या गोष्टी एकत्र आल्या की भरवसा वाढत नाही. बेरीज 0.0025, वर्गमूळ 0.05 (तीन, चार, पाच! पुस्तकातले कारखाने पायथागोरसला विचारूनच माल काढतात), झेड उणे 1, उत्तर 0.1587. कागदावर दोन्ही आकडे निमूटपणे बसतात. शॉप फ्लोअरवर मात्र शंभर जोड्यांतल्या तीन अडकतील असं सांगून ठेवलेलं असतं आणि सोळा अडकतात.

कॅल्क्युलेटरही काही कमी नाही. 10.2, 10.4, 10.4, 10.4, 10.6 ही पाच मापनं दिली तर तो दोन डेव्हिएशन्स दाखवतो: एनने (मापनांच्या संख्येने) भागून 0.1265 आणि एन वजा एकने भागून 0.1414. सॅम्पल (सगळ्या मालातला नमुना) असेल तर दुसरं. पाच मापनांची सरासरी त्याच मापनांतून काढलेली असल्याने ती त्यांच्या जरा जास्तच जवळ बसते, म्हणून भाजक एकने खाली आणायचा. शिवाय आधीच्या गणिताचा डेटा पुसला नसेल तर त्याची भर गुपचूप पडते, आणि उत्तर अर्थातच सोज्वळ.

सॅम्पल लहान असलं की नॉर्मलऐवजी टी-टेबल. त्याचं मूळ विल्यम गॉसेट यांच्या 1908 सालच्या लेखात आहे. ते गिनेस कंपनीच्या दारूच्या कारखान्यात होते आणि ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहीत. दहा मापनांसाठी एकने कमी, म्हणजे नवव्या ओळीत जायचं. 95 टक्क्यांसाठी दोन्ही बाजू धरून 2.262. दहाव्या ओळीत 2.228 आहे, आणि चुकून एका बाजूच्या स्तंभात शिरलात तर 1.833.

यातून जी कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरी सरासरी, म्हणजे मीन, कुठे असेल याच्या अंदाजाची मर्यादा) निघते ती काढणं सोपं, तिच्याबद्दल वाक्य लिहिणं अवघड. ‘खरा मीन या मर्यादेत असण्याची संभाव्यता 95 टक्के’ असं लिहिलं की गुण गेले. खरा मीन आपल्या जागी ठाम बसलेला असतो. हलते ती इंटरव्हल. पुन्हा पुन्हा सॅम्पल घेत राहिलो तर शंभरातल्या सुमारे 95 इंटरव्हल्स त्याला पकडतील. हातातली इंटरव्हल त्या 95 मधली की उरलेल्या 5 मधली, ते कोणी सांगत नाही. हायपोथेसिस टेस्टिंगमध्येही, म्हणजे एखादं गृहीतक डेटावर तपासतानाही, तेच. पी-व्हॅल्यू (तपासायचं मूळ गृहीतक, म्हणजे नल हायपोथेसिस, खरं असताना निदान इतका वेगळा डेटा मिळण्याची संभाव्यता) 0.08 आली तर ‘नल हायपोथेसिस सिद्ध झाली’ असं लिहायचं नाही; ‘नाकारायला पुरेसा पुरावा नाही’ असं लिहायचं. वकिलीचा कोर्स वेगळा घेण्याची गरज उरत नाही.

रिग्रेशन (बिंदूंना सगळ्यांत जवळून जाणारी सरळ रेषा काढणं) शेवटी येतं, आणि शेवटी येतं म्हणून उरकलं जातं. त्यात संख्याशास्त्रज्ञ अँस्कोम यांनी 1973 साली मांडलेले चार डेटासेट तेवढे बघून घ्यावेत. प्रत्येकात 11 बिंदू, एक्सचा मीन 9, वायचा 7.5, कोरिलेशन (दोघांमधला सरळ रेषेतला संबंध किती घट्ट त्याचं माप) 0.816, आणि रेषा चौघांचीही तीच: 3 अधिक अर्धा एक्स. आलेख काढले तर पहिल्यात साधा विखुरलेला डेटा, दुसऱ्यात चक्क वक्र, तिसऱ्यात एक बिंदू रांग सोडून उभा. चौथ्यात दहा बिंदूंचा एक्स 8 आणि एकाचा 19. सगळी रेषा त्या एकट्याच्या जिवावर उभी. तो बिंदू काढून पुन्हा रिग्रेशन लावून बघा. एक्सच्या सगळ्या किमती सारख्या, भाजकात शून्य, आणि पडद्यावर ‘मॅथ एरर’. अख्ख्या कोर्समध्ये कॅल्क्युलेटर स्वतःहून तक्रार करतो तो इथेच, आणि हे गणित परीक्षेला येत नाही.