मुंबई मला पाठ आहे

गेली तीन वर्षं मी रोज रात्री साडेनऊला कोल्हापूरला फोन करतो आणि रोज एक थाप मारतो. फार मोठी नसते. "जेवलासा काय?" असं बायको विचारते आणि समोर वडापावचा तेलकट कागद पडलेला असताना मी म्हणतो, "जेवलो की. आज मेथी होती." पण रोजची एक धरली तरी तीन वर्षांत हजार होतात. "खोली कशी आहे?" "हवेशीर. खिडकीतनं डोंगर दिसतो." "गाडीला गर्दी असते म्हणं?" "असते, पण मला खिडकी मिळते. ग्रुप आहे आमचा." एकदा पावसाळ्यात तिचा आवाज जरा ओला वाटला, म्हणून तिला बरं वाटावं एवढ्याच हेतूनं सांगून टाकलं की, ऑफिस सुटलं की मी मरीन ड्राइव्हला जातो, कट्ट्यावर बसून समुद्र बघत चहा पितो, चहावाला आता ओळखीचा झालाय. ही थाप मला स्वतःलाच इतकी आवडली की पुढं मी ती आठवड्यातून तीनदा मारायला लागलो. समुद्राला भरती होती की ओहोटी, हेही सांगायचो.

खरी गोष्ट अशी की माझी मुंबई भांडुपला सुरू होते आणि परळला संपते. धिम्या लोकलनं नववं स्टेशन. करी रोडच्या पुढची मुंबई मला डब्यातल्या नकाशावर वाचून माहीत, तीही कुणाच्या तरी काखेतून दिसेल तेवढी. रविवार कपडे धुण्यात आणि झोपण्यात जातो. डोंगर मात्र खरंच दिसतो. खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकायचं, शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीला वळसा घालून मान उजवीकडं वळवायची, की दिसतो.

दिवाळी झाली आणि तिचा फोन आला, "शाळेला अजून चार दिवस सुट्टी हाय. मी येतो."

(आमच्याकडं बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. शेजारच्या मालवणच्या वहिनींना पहिला अर्धा तास वाटत होतं की ही आपल्या भावाबद्दल काहीतरी सांगतेय.)

"येतो" हा शब्द ऐकल्यापासून माझ्या पोटात गोळा आला. खोलीत आम्ही तिघं. एकाला डोंबिवलीला त्याच्या मावसभावाकडं पाठवला. दुसऱ्याचं मुंबईत कुणीच नाही. तो ऑफिसच्या गोडाऊनमध्ये झोपायला तयार झाला. मोबदला ठरला प्रत्येकी अर्धा किलो भडंग. खिडकीला पडदा लावायचा ठरवला होता, दोरी आणली, पडदा राहिला. साहेबांकडं तीन दिवस रजा मागितली. महिनाअखेर म्हणून मंगळवार कापून त्यांनी सोमवार आणि बुधवार दिला. त्या वेळी हा मला साहेबांचा मोठेपणा वाटला. त्यात केवढा ग्रहयोग दडलाय, हे पुढं कळलं.

महालक्ष्मी एक्स्प्रेस ठाण्याला थांबते आणि भांडुपला तेच सोयीचं. पण बाईसाहेब म्हणाल्या, "नको. शेवटपर्यंत येतो. व्ही.टी. बघायचंय." म्हणजे करी रोडच्या पलीकडं जाणं आलं. रविवारी पहाटे मी गेलो. गाडीतून ती उतरली, तिच्यामागून दोन पिशव्या, एक सुटकेस आणि खर्ड्याच्या वासासकट एक स्टीलचा डबा उतरला. भुयारी मार्गातून आम्ही बाहेर आलो आणि तिथंच माझी दिशा चुकली. समोर एक भव्य, घुमटवाली, नक्षीदार इमारत. मी तिला थाटात उभी केली, चार फोटो काढले, तिनं ते स्टेटसला टाकले: 'व्ही.टी. स्टेशनसमोर.' दहाव्या मिनिटाला इचलकरंजीहून मेव्हण्याचा मेसेज आला, "ताई, ती महापालिका हाय. स्टेशन तुझ्या समोर आसंल."

होतंच. आता हा मेव्हणा मुंबईला आयुष्यात एकदा आलाय, तोही आल्या पावली परत गेलाय. मी मोबाइल काढून घाईनं वाचलं आणि तिला समजावलं की चूक अगदी घरातल्या घरातली आहे. दोन्ही इमारती स्टीव्हन्स नावाच्या एकाच माणसाच्या, स्टेशन 1888 सालचं आणि महापालिका त्यानंतर पाच वर्षांनी. ती फाटकाच्या खांबांवरचा दगडी सिंह आणि वाघ बघत म्हणाली, "तीन वर्षं झाली न्हवं तुम्हाला इथं?"

मग नाश्ता. मिसळीबरोबर स्लाईस ब्रेड मिळत नाही म्हटल्यावर तिनं मिसळीशी बोलणंच टाकलं. तो विषय इथं वाढवत नाही. मुंबईतल्या वाचकांशी मला भांडायचं नाही आणि कोल्हापुरात मला परत जायचंय.

नाश्त्यात वेळ गेला आणि आम्ही मेगाब्लॉकमध्ये सापडलो. रविवार आणि मेगाब्लॉक हे मला माहीत नाही असं नाही, पण रविवारी मी कधी घराबाहेर पडलो तर ना! गाडी आली तीच ठेचून भरलेली. मी तिला पिशव्यांसकट लेडीज डब्यात चढवलं, "भांडुपला उतर, मी पुढच्याच डब्यात आहे," असं खिडकीतून तीनदा सांगितलं आणि पळत जाऊन जनरलमध्ये घुसलो. सारा प्रवासभर जीव टांगणीला. हिला स्टेशन कळेल का, उतरायला मिळेल का, पिशव्या जातील का? कुर्ल्याला एका काकांनी दया येऊन चौथी सीट दिली. चौथी सीट म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: तिघांच्या बाकड्यावर चौथ्यानं एका कुल्ल्याला दिलेली विश्रांती. दुसरा अधांतरीच. भांडुपला उतरून मी धावत मागं आलो, तर बाईसाहेब फलाटावर उभ्या. पिशव्या दोन बायकांच्या हातात, हिच्या हातात कुणीतरी दिलेला गजरा. "खिडकी मिळाली," ती म्हणाली. "तुम्हाला पण मिळाली असंल की. ग्रुप हाय न्हवं तुमचा."

त्या अर्ध्या-पाऊण तासात तिला लेडीज डब्यानं मुंबईचा अख्खा भूगोल शिकवला होता. साड्या हिंदमाताला, फुलं दादरला, कुठल्या पुलावर चप्पल सांभाळायची आणि कुठल्या फलाटावर नळाला पाणी येतं. तीन वर्षं पुरुषांच्या डब्यात मी काय शिकलो? "अंदर चलो."

सोमवारी गेटवे. बेत माझा होता: बोटीनं एलिफंटा, तिथली त्रिमूर्ती, परत येताना सीगल. गेटवेपाशी बोटीचं तिकीट मागितलं तर तो म्हणाला, "आज मंडे है साब. एलिफंटा बंद. राउंड मारके आओ." मी थोडा वाद घातला, जणू लेणी त्यानंच कुलूप लावून खिशात ठेवली आहेत. ती शांत होती. फारच शांत. मग म्हणाली, "सोमवारी बंद असतंय ते मला कालच गाडीत कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला मुंबई पाठ हाय न्हवं. म्हटलं, तुमच्यासाठी उघडत असतील."

अब्रू सावरायला मी गेटवेचा इतिहास सुरू केला. म्हणजे पाठ फिरवून मोबाइलात वाचायचं आणि वळून बोलायचं. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी 1911 च्या डिसेंबरात इथं उतरले, त्यांच्या स्वागताची ही कमान, बेसॉल्टचा दगड, विटेट नावाचा वास्तुकार, उद्घाटन 1924. ती थांबली. बोटांवर मोजलं. शाळेत गणित शिकवते ती.

"पाव्हणं आलं अकराला आणि कमान झाली चोवीसला?"

"हो. ते आले तेव्हा पुठ्ठ्याची उभी केली होती म्हणे."

"म्हणजे तुमच्या पडद्यासारखंच की," ती म्हणाली. "दोरी तेवढी बांधून ठेवलीय."

बोटीतून फेरी मारली. तिला मळमळलं नाही, मला मळमळलं. पुढं.

मंगळवारी मी ऑफिसला. सारा दिवस अपराधी वाटत होतं. दहा बाय बाराच्या खोलीत, टाकीकडं बघत ती बिचारी काय करत असेल? दोनदा फोन लावला, उचलला नाही. तीन वाजता साहेबांसमोर स्टेटमेंट ठेवून उभा असताना फोटो आला. काचेपलीकडं पाणी, पाण्यात पेंग्विन आणि काचेच्या अलीकडं माझी बायको आणि मालवणच्या वहिनी, दोघींच्या हातात कुल्फी. खाली लिहिलेलं: 'राणीची बाग बुधवारी बंद असते, म्हणून आजच आलो.'

बुधवारचा माझा बेत राणीची बागच होता.

रात्री तिनं सगळं सविस्तर सांगितलं. पेंग्विन कोरियातून आणलेत, पण जात मूळची दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरची, हम्बोल्ट म्हणतात त्यांना. "लांबनं आलेत बिचारे," ती म्हणाली, "घरदार सोडून. पण खोली एसी हाय. आयते मासे मिळत्यात. आणि जोडीनं राहत्यात." एवढं बोलून ती बराच वेळ पंख्याकडं बघत राहिली. पंखा आमच्या रूमवर तीन नंबरच्या पुढं जात नाही. मीही पंख्याकडं बघत राहिलो. पेंग्विनशी बरोबरी करता यावी असं माझ्याकडं काही नव्हतं.

बुधवार उजाडला. रात्रीची गाडी, म्हणून सामान घेऊनच निघालो. मत्स्यालय दाखवतो म्हटलं होतं, तर तारापोरवाला मत्स्यालय कितीतरी दिवसांपासून बंदच. त्या बंद मत्स्यालयासमोरून सुटकेस ओढत जाताना मी तिच्याकडं पाहिलं नाही. तिनंही पाहिलं नाही, हे तिचे उपकार. कारण समोर समुद्र होता आणि तिला आता एकच गोष्ट बघायची होती.

"कुठं बसता तुम्ही रोज?"

मरीन ड्राइव्हचा कट्टा साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे. एवढ्या लांब कट्ट्यावर आपली रोजची जागा निवडायची म्हणजे चेष्टा नाही. मी चार पावलं पुढं गेलो, दोन मागं आलो, एका दिव्याच्या खांबाजवळ थांबलो आणि "ही," म्हणालो. तिथं एक जोडपं बसलं होतं. आम्ही शेजारी बसलो. ऊन उतरलं होतं, खाली त्या चार पायांच्या सिमेंटच्या दगडांवर लाटा आपटत होत्या. खरं सांगतो, बघतच राहिलो. इतकं बघण्यासारखं असेल असं थापा मारताना वाटलं नव्हतं.

तेवढ्यात सायकलला किटली लावलेला एक चहावाला आला. मी देवाचं नाव घेतलं आणि हात वर केला, "काय मामा! नेहमीसारखे दोन."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग हिच्याकडं. मग सुटकेसकडं. असे नवरे त्यानं आयुष्यात पुष्कळ पाहिले असावेत. चेहऱ्यावरची रेषही न हलवता तो म्हणाला, "आज भाभी को भी लाए साब? रोज अकेले आते हो."

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. मी छाती काढून बायकोकडं पाहिलं.

"वही ना साब? बिना शक्कर वाली?"

मी चहाला तीन चमचे साखर घेतो. हे माझी बायको जाणते, माझी आई जाणते, आमच्या गल्लीतलं कुत्रंसुद्धा जाणतं. पण आता माघार कुठली? "हां, वही," म्हणालो. त्यानं जवळच्या दुसऱ्या, काळ्या किटलीतून मला एक कप कडू जहर ओतून दिलं आणि हिला गोड, आल्याचा. ती एकेक घोट घेत माझ्याकडं बघत होती. मी समुद्राकडं बघत गिळत होतो. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा ते खाऱ्या वाऱ्यानं आलं असं म्हणालो. पैसे देताना चहावाल्यानं सुटे वीस रुपये परत दिले नाहीत आणि मीही मागितले नाहीत. तेवढं त्यानं कमावलं होतं.

तिनं कप चुरगाळला. "साखर सोडलीसा तर," एवढंच म्हणाली. "बरं केलासा."

स्टेशनवर आम्ही वेळेच्या बऱ्याच आधी पोचलो. या वेळी इमारत बरोबर ओळखली. तिला खिडकीजवळ बसवलं, पाण्याची बाटली आणून दिली, आणि आता काय बोलायचं ते दोघांनाही सुचेना. मग तिनं फोन काढून माझ्या आईला लावला.

"व्हय आत्ती, बसलो गाडीत... चांगलं हाय ओ सगळं. खोली? हवेशीर हाय. डोंगर दिसतोय की खिडकीतनं... व्हय, जेवणाचं काय हाल न्हाईत, भाजी-भाकरी मिळतीया... समुद्रावर? रोज जात्यात की! चहावाला नावानं ओळखतोय. मला काल पेंग्विन पण दाखवलं ह्यांनी. रजा काढून न्हेलं."

मी खिडकीबाहेर गजांना धरून उभा. तिनं माझ्याकडं न बघता फोन गजांमधून बाहेर काढला.

"घ्या. आत्ती विचारतायत, पेंग्विन दिसायला कसलं असतंय. सांगा जरा."

गाडी सुटायला सात मिनिटं होती. मी फोन कानाला लावला.

"आई, ते अगं... बदकासारखं असतंय, पण उभं."