ओरडल्याने चुका थांबत नाहीत, लपतात

"मऊ लागलं की माणसं कोपराने खणतात. ओरडल्याशिवाय चुका थांबत नाहीत. बारा तास राबून आमची पिढी मेली नाही. मानसिक ताण हे आजच्या पोरांचे नखरे." हा संदेश व्हॉट्सॲपवर बरेच दिवस फिरतोय. मी दुर्लक्ष करत होते. परवा मात्र गोव्यातल्या वेर्ण्याच्या औषध कारखान्यात काम करणाऱ्या माझ्या भाच्याच्या शिफ्टच्या ग्रुपवर तो त्याच्याच सुपरवायझरने टाकला. आता गप्प बसवत नाही.

ओरडण्याचा मुद्दा आधी, कारण औषधाच्या कारखान्यात तो लोकांच्या जिवावर बेतू शकतो. एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेने रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. तो 1996 साली प्रसिद्ध झाला. चांगल्या नेतृत्वाच्या वॉर्डांत चुका कमी निघतील असं वाटलं होतं, नोंदी निघाल्या जास्त! तिथल्या परिचारिका चूक झाली की सांगत होत्या. जिथे प्रमुखाचा धाक, तिथे चुका दडपल्या जात होत्या. कारखान्यात वेगळं काय घडणार? वजन चुकलं, तापमान घसरलं, तर डेव्हिएशन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीत पडलेला फरक, लगेच नोंदवायचं असतं, म्हणजे बॅच अडवून तपासता येते. सगळ्यांसमोर आईबापाचा उद्धार होणार असेल, तर रात्रपाळीत कोण तोंड उघडेल? ती बॅच तशीच पुढे जाते आणि गोळी पोचते एखाद्या आजाऱ्याच्या घरी.

कोपराने खणणारे असतात, हे मान्य. खोटी रजा काढणारा प्रत्येक खात्यात एखादा सापडतो. त्याला खोलीत बोलावून स्पष्ट सुनवा, पगार कापा. सहृदय पात्रांव (साहेब) म्हणजे काहीही खपवून घेणारा नव्हे. त्या एकासाठी बाकीच्यांचा पाणउतारा कशाला?

आणि बारा तासांनी कोणी मेलं नाही म्हणे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2021च्या अहवालानुसार, आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम करण्याशी निगडित पक्षाघात व हृदयविकाराने 2016 या एका वर्षात जगभरात सुमारे 7 लाख 45 हजार माणसं गेली. आपल्याकडे तर 1948च्या कारखाना कायद्यानेच आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली होती.

नखऱ्यांबद्दल सुपरवायझरना एवढंच सांगते: टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो. ग्रुपवर टाकायचाच असेल तर तो टाका.