बंद पंखा आणि कोमल गंधार

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी या पावसाळ्यात हॉलमधल्या पंख्याचा कंडेन्सर दोनदा बदलून घेतला. दोन्ही वेळा कारण मी होतो, आणि दोन्ही वेळा जिन्यात त्यांच्याशेजारी उभा राहून मी, "हल्ली धड इलेक्ट्रिशियन मिळतात कुठे!" असं म्हणालो.

मी बेस गिटार शिकतोय. वय 48. शाळेतल्या मित्रांनी बँड काढायचं ठरवलं तेव्हा तिघांकडे गिटार होती, एकाकडे आवाज होता आणि माझ्याकडे सामान न्यायला गाडी होती. "तू बेस घे," ते म्हणाले, "तारा चारच असतात." सहातून दोन गेल्या, म्हणजे एक तृतीयांश कष्ट वाचले, असा हिशोब मी केला. त्या चार तारा केबलसारख्या जाड असतात आणि 34 इंच लांब ताणलेल्या असतात, हे घरी आणल्यावर कळलं. खर्जाच्या बाजूला गळ्यावरच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, इतक्या लांब लांब की एकीवरून दुसरीवर जायला करंगळीला रिक्षाच करावी लागते. माझी करंगळी पुण्याच्या रिक्षावाल्यासारखीच मान हलवते: तिकडे नाही जाणार.

आठवड्यातून दोनदा हे धूड पाठीला लावून मी एरंडवण्यातून स्कूटरवर सदाशिव पेठेत क्लासला जातो. म्हात्रे पुलावर वाऱ्याने बॅगेचं शीड होतं आणि स्कूटर स्वतःच्या मताने चालायला लागते. सर 23 वर्षांचे आहेत. मी त्यांना सर म्हणतो, ते मला काका म्हणतात आणि फी आगाऊ घेतात.

पहिले तीन महिने सुखाचे गेले. सी लिहिलंय तिथे सी, एफ लिहिलंय तिथे एफ. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांची जुडी; तिचा पहिला स्वर म्हणजे रूट धरायचा आणि धम्-धम्-धम्-धम् करत बसायचं. चौथ्या महिन्यात सरांनी हात वर करून मला थांबवलं.

"काका, रूट झाला. पण कॉर्ड टोन्स कुठायत?"

कॉर्ड टोन म्हणजे त्या कॉर्डचे घरचे स्वर. रूट, तिथून तिसरा, तिथून पाचवा, आणि ऐपत असेल तर सातवा. नुसता रूट वाजवणारा म्हणजे पंगतीत फक्त मीठ वाढत फिरणारा माणूस. त्याच्यावाचून कुणाचं चालत नाही, पण त्याला कुणी आग्रहाने थांबवतही नाही. सरांनी मला मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या जुन्या रेकॉर्डिंगमधला बेसवादक जेम्स जेमरसन ऐकवला. हा गृहस्थ उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा, आणि त्या बोटाला 'हुक' असं नाव पडलं होतं. मला देवाने दहाच्या दहा दिलीत. एकालाही नाव पडण्याची चिन्हं नाहीत.

मी आधी पळवाट काढली. पाचवा स्वर मेजर कॉर्डमध्येही तोच आणि मायनरमध्येही तोच, रूटपासून सात पट्ट्या. हात कसाही ठेवा, चुकायची भीती नाही. म्हणून मी रूट-पाच, रूट-पाच असं झोके घेत राहिलो. सगळं भांडण तिसऱ्यात आहे. तो रूटपासून चार पट्ट्यांवर असला तर मेजर, तीनवर असला तर मायनर. एका पट्टीच्या फरकाने बारशाचं गाणं दहाव्याचं होतं.

सर म्हणाले, बोटांना लक्षात राहू दे. मेजर कॉर्ड मधल्या बोटाने सुरू करायची, म्हणजे तिसरा शेजारच्या बारीक तारेवर एक पट्टी मागे, पहिल्या बोटाखाली आपोआप येतो. मायनर पहिल्या बोटाने सुरू करायची, म्हणजे तिसरा त्याच तारेवर तीन पट्ट्या पुढे, करंगळीखाली. करंगळीचं वर आलंच आहे.

रोज संध्याकाळी साडेसात ते आठ माझा रियाज सुरू झाला आणि काका जिन्यात भेटले. "अहो, आमचा हॉलचा पंखा साडेसातला घुमायला लागतो. बंद असला तरी!" मी चेहरा गंभीर केला. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी सोडली की सेकंदाला सुमारे 41 कंपनं होतात. तेवढ्या खालच्या आवाजाची लाट हवेत आठ मीटरहून लांब असते आणि आमचा हॉल आहे 16 फूट. ती बिचारी जाणार कुठे? त्यात माझा अँप, म्हणजे बेसचा आवाज मोठा करणारा खोका, थेट फरशीवर. पण हे भौतिकशास्त्र मी काकांना समजावलं नाही. पुढे नदीपात्रात ढोलपथकांचे सराव सुरू झाले आणि सगळं पाप त्यांच्या नावावर जमा झालं.

याच सुमाराला सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आल्या. पंधरा दिवसांसाठी आल्या त्या गणपतीपर्यंत राहिल्या. वाचायचं नाही, टीव्ही बघायचा नाही, वाकायचं नाही. काळा गॉगल लावून दिवाणावर पडून राहायचं आणि वेळच्या वेळी थेंब. म्हणजे या बाईंना ऐकण्यावाचून दुसरा उद्योग राहिला नाही. त्या संगीत विशारद आहेत. शिवाय जावयाशी थेट बोलायची त्यांच्या घरात पद्धत नाही. सूचना लेकीमार्फत येतात.

पहिल्या संध्याकाळी बायको आत आली. "आई विचारतेय, तुमचा गंधार कुठाय?"

"सांग, शोधतोय."

ती गेली आणि परत आली. "आई म्हणते, सा आणि प अचल आहेत. त्यांच्या जिवावर किती दिवस काढणार?"

नवी पेठ ओलांडून मी ज्यासाठी पैसे मोजतो ते निदान घरात फुकट झालं होतं. रूट म्हणजे सा, तिसरा म्हणजे ग, पाचवा म्हणजे प. मेजरला शुद्ध ग, मायनरला कोमल. मी उत्साहाने बायकोमार्फत कळवलं की माझ्या गाण्यात सी, ए मायनर, एफ, जी अशा चार कॉर्ड आहेत आणि दर कॉर्डला सा बदलतो. बाहेर बराच वेळ शांतता पसरली.

"आई म्हणते, दोन-दोन मात्रांनी सा बदलायचा तर तंबोरा कोण लावणार?"

रात्रीच्या थेंबांनंतर मात्र निरोप आला, की एकाच सप्तकात वेगवेगळ्या स्वरांना सा मानून बघायचं, याला आपल्याकडे मूर्च्छना म्हणतात. मला त्याआधी एक तासापासून नुसती मूर्च्छा येत होती. एका मात्रेने सुधारणा झाली.

मग एक दिवस पावसाने वीज गेली. अँप बंद, बायको ऑफिसात अडकलेली, घरात मी आणि सासूबाई. मध्यस्थ नाही. मी अंधारात बेस मांडीवर घेऊन बसलो होतो. सासूबाई समोरच्या भिंतीला उद्देशून म्हणाल्या, "कुणी ती जाड तार नुसती सोडून दिली असती तर..."

मी सोडून दिली. त्या चाचपडत जवळ आल्या आणि बेसच्या लाकडाला त्यांनी कान लावला. गॉगल लाकडावर खटकन वाजला. "पुन्हा." मी पुन्हा सोडली. तार विझत आली तरी त्यांनी कान काढला नाही. तंबोऱ्याच्या खर्जातून न वाजवता जो निघतो तो स्वयंभू गंधार, तो म्हणे यातही होता. मला काही ऐकू येईना. मग सरांनी दाखवलेली एक गोष्ट आठवली. चौथ्या पट्टीच्या किंचित अलीकडे तारेला बोट न दाबता नुसतं टेकवलं, दुसऱ्या हाताने तार छेडली आणि बोट उचललं. त्या धुडातून देवघरातल्या घंटीएवढा बारीक स्वर निघाला. दोन सप्तकं वर, शुद्ध ग.

"आहे की," सासूबाई म्हणाल्या. "तुम्हीच वाजवत नाही."

23 वर्षांच्या संसारात त्या माझ्याशी बोललेलं हे पहिलं थेट वाक्य.

गणपतीत सोसायटीच्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम ठरला. माइकमध्ये वारा जातो म्हणून पंखे बंद ठेवले होते आणि सगळे हातातल्या कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत होते. पहिल्या रांगेत मध्यभागी काळा गॉगल, शेजारी बायको. तिच्या पलीकडे खालचे काका. भावगीत सुरू झालं. सी: मधलं बोट, पहिलं बोट, करंगळी. सा ग प. करंगळी पोचली! या आनंदात मी ए मायनरला गेलो आणि गेलो तो मधल्या बोटानेच. पुढचं हाताने आपोआप केलं, कारण तेच तर त्याला महिनाभर शिकवलं होतं. मायनरच्या विरहात माझा शुद्ध गंधार लग्नाच्या सनईसारखा ठणठणीत वाजला. गाणाऱ्या मित्राने डोळे उघडले.

बाकी हॉलला पत्ता नव्हता. फक्त काळा गॉगल बायकोच्या कानाकडे झुकला. तो निरोप काय होता हे विचारायची गरज नव्हती. पुढच्या फेरीला मी पहिलं बोट ठेवलं, करंगळी ताणली आणि कोमल लागला. अँपचा आवाज जरा वाढवला होता, त्यामुळे चांगला घुमला.

तेव्हाच काकांचा वारा घेणारा हात थांबला. त्यांनी मान वर करून डोक्यावरच्या बंद पंख्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान हळूहळू खाली आली, अँपवर थांबली आणि तिथून वायरच्या मागोमाग माझ्यापर्यंत आली.