‘ग्रेपव्हाइन’ आधी कोणाचं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’ या अमेरिकन गाण्याची ती गाजलेली बेसलाइन (बेस गिटारवरची खालच्या सुरांची धून) मूळची गायक मार्विन गेच्या रेकॉर्डिंगमधली, असं मी मागच्या लेखात लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं: गायिका ग्लॅडिस नाइटची रेकॉर्ड १९६७ ची, मार्विनची १९६८ ची, म्हणजे मार्विनने तिचंच गाणं पुन्हा गायलं, दोन मिनिटं गूगल केलं असतं तरी कळलं असतं. शिवाय रेकॉर्डवर बेसवादकाचं नावच नाही, मग बेस जेम्स जेमर्सनने वाजवला हे मी आणलं कुठून?

दोन्ही सालं बरोबर आहेत. फक्त ती रेकॉर्ड दुकानात आल्याची आहेत, वाजवल्याची नाहीत.

नॉर्मन व्हिटफील्ड आणि बॅरेट स्ट्राँग यांनी लिहिलेलं हे गाणं आधी १९६६ मध्ये मिरॅकल्स या गटाने गायलं. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचे मालक बेरी गॉर्डी यांनी ते नापास केलं. मग १९६७ च्या सुरुवातीला व्हिटफील्डने मार्विनला माइकसमोर उभं केलं, तेही त्याच्या सवयीपेक्षा वरच्या पट्टीत. दोघांची चांगलीच जुंपली, पण आवाजातली ती ताणलेली कळ त्या पट्टीमुळेच आली. गॉर्डींनी हेही बाजूला ठेवलं! व्हिटफील्ड चिवट माणूस. उन्हाळ्यात त्याने तेच गाणं ग्लॅडिस नाइट अँड द पिप्स या नाइटच्या गटाला दिलं. अरीथा फ्रँकलिनचं ‘रिस्पेक्ट’ तेव्हा धुमाकूळ घालत होतं, त्याच वळणाची उडती लय त्याने धरली. सप्टेंबरमध्ये रेकॉर्ड आली आणि पॉप चार्टवर दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली.

मार्विनची टेप पडून राहिली. १९६८ मध्ये ती ‘इन द ग्रूव्ह’ अल्बममध्ये भरीचं गाणं म्हणून आली, शिकागोच्या डब्ल्यूव्हीओएन रेडिओने ती वाजवायला सुरुवात केली, श्रोत्यांचे फोन येऊ लागले, तेव्हा कुठे कंपनीने सिंगल (त्या एका गाण्याची वेगळी रेकॉर्ड) काढलं. डिसेंबरमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं आणि सात आठवडे हललं नाही.

‘सगळ्यात आधी कोणी गायलं’ हा प्रश्न असता तर उत्तर मिरॅकल्स, ना नाइट ना मार्विन. पण मी लिहिलं होतं बेसलाइनबद्दल. दोन्ही रेकॉर्ड पाठोपाठ लावा. नाइटचं गाणं चर्चमधल्या टाळ्यांसारखं पुढे रेटत जातं. मार्विनचं संथ, मायनरमध्ये (उदास छटेच्या सुरांत), इलेक्ट्रिक पियानोने दबकत सुरू होतं आणि बेस खालून पहारा दिल्यासारखा फिरतो. ती बेसची धून गुणगुणत नाइटची रेकॉर्ड लावून पाहा, बसत नाही.

आता जेमर्सन. मोटाउनच्या सिंगल्सवर वादकांची नावं छापतच नसत. त्याचं नाव ठळकपणे आलं ते मार्विनच्या १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ अल्बमवर. नाव नाही म्हणून माणूस नाही, असं धरलं तर मोटाउनच्या डेट्रॉइटमधल्या त्या तळघरातल्या स्टुडिओत कोणीच वाजवत नव्हतं म्हणावं लागेल. सहवादकांच्या आठवणींतून ही नावं पुढे आली आहेत, आणि कानालाही कळतं: फेंडर प्रिसिजन बेस गिटार, जुन्या फ्लॅटवाउंड (गुळगुळीत) तारा, ब्रिजच्या (तारा टेकतात त्या पट्टीच्या) झाकणाखाली फोमचा तुकडा, आणि उजव्या हाताचं एकच बोट. म्हणून सूर ठसठशीत उमटतो, पण रेंगाळत नाही.

तुमच्या बाजूने एक भक्कम मुद्दा होता, तो तुम्ही मांडलाच नाहीत. मार्विनची रेकॉर्ड पुढे गेली हे नाइटना रुचलं नव्हतं. पिप्सच्या गाण्यासाठी तयार केलेल्या वादनावरच मार्विनला गायला लावलं, असा त्यांचा दावा होता. मार्विनने तो नाकारला. रेकॉर्डिंगच्या तारखा पाहिल्या तर मला मार्विनचं पटतं: त्याची सत्रं फेब्रुवारीत सुरू झाली, नाइटचं रेकॉर्डिंग जूनमध्ये.