मापात थाप

डोंबिवलीत घरं विकणाऱ्या एका ऑफिसात जाहिराती लिहिणं हे माझं काम. आता लिहितो एआय, मी खोडतो. पगार तोच.

आमच्या धंद्यात थापा कधी नव्हत्या? पण त्यांना माप होतं. 'स्टेशनपासून ५ मिनिटं' म्हणजे रिक्षाने १५, तीही रिक्षावाला यायला राजी असेल तर, हे गिऱ्हाइकाला तोंडपाठ असायचं. 'शांत परिसर' म्हणजे बस येत नाही. 'भरपूर उजेड' म्हणजे समोरच्या बिल्डिंगचं काम अजून सुरू व्हायचंय. सांगणारा आणि ऐकणारा, दोघेही मनातल्या मनात भागाकार करायचे आणि व्यवहार सुरळीत व्हायचा. एआयच्या थापेला कितीने भागायचं, हे मात्र कुणालाच कळत नाही.

कल्याण-शीळ रस्त्यावरचा एक टॉवर आमच्याकडे विकायला आला. शेठच्या पुतण्याने एआयला चार ओळी दिल्या आणि चहा यायच्या आत जाहिरात तयार. 'निसर्गाच्या कुशीत, मेट्रोच्या दारात.' मेट्रो १२चं काम चालू आहे हे खरं, पण चालू काम म्हणजे गाडी नव्हे. पुढे क्लबहाऊस, इन्फिनिटी पूल, मिनी थिएटर. मंजूर नकाशात यातलं काही नाही.

"काका, सगळ्या टॉवरना असतं हो!" पुतण्या म्हणाला.

एआयचंही म्हणणं हेच असतं. त्याने जगभरच्या जाहिराती वाचल्यात. त्यांत जे सारखं दिसतं, ते आपल्याकडेही असणारच, असा त्याचा भाबडा हिशेब. खोटं बोलतोय हे त्याला ठाऊकच नसतं, त्यामुळे तो चाचरत नाही. आमचे जुने एजंट निदान 'स्विमिंग पूल' म्हणताना नजर तरी चुकवायचे.

मग फोटो. रिकाम्या सॅम्पल फ्लॅटचा फोटो देऊन पुतण्या म्हणाला, "थोडं सजव." हॉलमध्ये पियानो आला. ठीक आहे, डोंबिवलीकर पेटीवर तडजोड करेल. पण लिफ्टच्या बाजूच्या भिंतीत भलीमोठी खिडकी आली आणि खिडकीत समुद्र! अरे, निदान खाडी तरी दाखवायचीस. दहा बाय दहाच्या बेडरूममधून चक्क वर जाणारा जिना निघाला होता, थेट वरच्या मजल्यावरच्यांच्या स्वयंपाकघरात. तेव्हापासून माझा नियम आहे: सोफा, पडदे, कुंड्या हव्या तेवढ्या घाला, भिंत, खिडकी आणि खिडकीबाहेरचं जग यांना हात लावायचा नाही. खाली 'सजावट काल्पनिक' असं चष्म्याशिवाय वाचता येईल इतकं मोठं लिहायचं आणि शेजारी मूळ फोटो ठेवायचा. मूळ फोटोत कोपऱ्यात सिमेंटची गोणी होती. पुतण्याला तीही पुसायची होती.

खरा घाम महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, नंबराने फोडला. १ ऑगस्ट २०२३पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही लागतो, नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड. एआयने दोन्ही दिले. नंबर अगदी 'पी'ने सुरू होणारा, रुबाबदार, फक्त तो कुठल्याच प्रकल्पाचा नव्हता. क्यूआर कोड तर हाताने काढलेल्या रांगोळीसारखा. माझा फोन त्याच्यासमोर बराच वेळ धरला तरी काही बोलेना. आता नंबर आणि कोड मी महारेराच्या साइटवरूनच घेतो. चटई क्षेत्रही तिथूनच, कारण एआयला कार्पेट (आतली वापरायची जागा) आणि बिल्टअप (भिंती वगैरे धरून) दोन्ही सारखेच प्रिय.

शेठला समजावताना मी रेरा कायद्याचं कलम १२ काढलं. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं तर भरपाई बिल्डरने द्यायची. त्याला घर नको असेल तर सगळे पैसे व्याजासकट परत. 'हे मशीनने लिहिलं' अशी पळवाट त्या कलमात नाही. शेठ म्हणाले, "म्हणजे सही मशीनची चालणार नाही?" त्यांना पहिल्यांदाच विषय कळला.

तरी व्हॉट्सॲपवर चॅटबॉट बसलाच. तो रात्रभर जागतो आणि कुणालाच नाही म्हणत नाही. दोन गाड्यांचं पार्किंग? नक्कीच! मोदकपात्र मावेल इतका ओटा? अर्थातच! स्टॅम्प ड्युटी माफ? आनंदाने! सकाळी लोक स्क्रीनशॉट घेऊन हजर. कॅनडात २०२४ साली एका विमान कंपनीचा बॉट तिकिटाच्या सवलतीबद्दल असंच चुकीचं बोलून गेला, आणि तिथल्या न्यायाधिकरणाने पैसे कंपनीलाच द्यायला लावले. हे सांगून मी बॉटकडून भाव, सवलत आणि ताब्याची तारीख काढून घेतली. या तिन्हींवर तो आता म्हणतो, 'आमचे काका फोन करतील.' पुतण्या सगळ्या गिऱ्हाइकांचे पॅनकार्ड आणि पगाराच्या स्लिपा कुठल्याशा फुकट टूलमध्ये टाकून 'कोण घेईल' ते विचारणार होता. तेव्हा मात्र मी माऊसच काढून घेतला.

आता गिऱ्हाइकंही हुशार झालीत. परवा एकाच्या नंबरवरून मध्यरात्री फार नम्र, फार मुद्देसूद प्रश्न आले: अग्निशमन, ओसी म्हणजे राहायला परवानगीचा दाखला, सिंकिंग फंड म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठीची शिल्लक. आमच्या बॉटनेही तितक्याच नम्रपणे उत्तरं दिली. एकमेकांचे आभार मानून झाले, पुन्हा आभार मानून झाले, आणि रविवारी दुपारी ३ वाजताची साइट व्हिजिट ठरली. मी भर उन्हात दोन हेल्मेटं घेऊन टॉवरखाली उभा. शेवटी फोन केला.

"साहेब, येताय ना?"

"कुठे?"

"टॉवर बघायला. तुम्हीच ठरवलंत."

"मी? अच्छा, ते माझं एआय बोललं असेल. मला घर नकोय हो, मी नुसते भाव काढत होतो."

शेठला कळवलं. ते म्हणाले, "हरकत नाही. त्याच्या एआयला आवडला का टॉवर, ते विचारून घे."