‘महिन्यात दहा किलो’ आणि घरातलं वेगळं ताट

‘३० दिवसांत १० किलो! डॉक्टर हे तुम्हाला सांगणार नाहीत.’ अशा सुरुवातीचा मजकूर दर काही महिन्यांनी नातेवाइकांच्या गटांवर फिरतो. दिवाळीचा फराळ संपला की जरा जास्तच. शब्द बदलतात, नियम साधारण तेच असतात. सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घ्या, चरबी वितळते. पोळी आणि भात बंद, फक्त भाकरी. साखर विष, गूळ अमृत. संध्याकाळी सातनंतर अन्नाला शिवायचं नाही. आठवड्याला दोन उपवास. घरच्यांनी जाड माणसाला सतत टोकत राहावं, लाज वाटल्याशिवाय वजन उतरत नाही. आणि शेवटी बक्षीस: वजन उतरलं की चिडचिड जाते, संसार सुखाचा होतो.

सगळंच खोटं आहे असं नाही. पण या मजकुराला घरातला एकच माणूस दिसतो. त्याने आपलं ताट वेगळं करायचं आणि निर्धाराने बसायचं. ज्या कढईतून, ज्या तेलाच्या डब्यातून सगळ्यांचं जेवण येतं, तिकडे त्याचं लक्षच नाही. एकेक मुद्दा घेऊ.

‘महिन्यात १० किलो’

शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. १० किलोंच्या झाल्या ७७,०००. ३० दिवसांत वाटा, रोज अडीच हजारांहून जास्त तूट पडायला हवी. बैठं काम करणाऱ्या, ६०-६५ किलो वजनाच्या बाईचा दिवसभराचा सगळा खर्चच १,७०० ते १,९०० कॅलरींच्या आसपास असतो. म्हणजे ती महिनाभर नुसत्या पाण्यावर राहिली तरी हिशेब जुळत नाही.

मग पहिल्याच आठवड्यात काटा दोन किलो खाली येतो तो कसा? ते पाणी असतं. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा पिष्टाचा साठा असतो आणि त्याच्या एका ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. पोळी-भात तोडला की साठा रिकामा होतो, पाणी लघवीवाटे जातं. एखाद्या लग्नात पोटभर जेवलं की साठा आणि पाणी दोन्ही परत. ‘एका जेवणाने दोन किलो वाढले’ म्हणून जे कपाळाला हात लावतात, त्यांची चरबी ना त्या आठवड्यात तेवढी गेली होती, ना त्या दिवशी परत आली.

आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वेगाने वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. केसही गळतात, पण ते दोन-तीन महिन्यांनी. त्यामुळे दोष आहाराला न देता लोक शाम्पू बदलत बसतात.

वेगाने वजन उतरवण्याचे शिस्तशीर उपचार आहेत, हे नाकारायचं कारण नाही. ब्रिटनमध्ये मधुमेहींवर ‘डायरेक्ट’ नावाची चाचणी झाली. तीन ते पाच महिने रोज साडेआठशेच्या आसपास कॅलरी, औषधांत बदल, नियमित तपासणी. वर्षअखेर जवळजवळ निम्म्या लोकांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात होता. हा आहार घेतलेल्या सगळ्या गटाची सरासरी घट होती १० किलो. मात्र ती वर्षाची.

घरच्या घरी झेपेल अशी तूट रोज ४०० कॅलरींची. त्या वेगाने किलोभर चरबी जायला १९ दिवस लागतात, महिन्याला दीड किलो. ऐकायला मिळमिळीत आहे, म्हणूनच असा मजकूर कुणी पुढे पाठवत नाही.

‘लिंबू-मधाने चरबी वितळते’

पोटात गेलेलं पाणी, कोमट असो की गार, थोड्या वेळात शरीराच्या ३७ अंशांवर येतं. चरबी म्हणजे तव्यावरचं तूप नव्हे. मोठा चमचाभर मध म्हणजे २० ग्रॅम, त्यातून ६० कॅलरी येतात. रोज लिंबू पिणाऱ्यांनी त्यानंतर लगेच ब्रश करू नये, आम्लाने मऊ झालेलं दातांचं कवच घासलं जातं. चूळ भरावी, अर्ध्या तासाने घासावेत. तहान लागली असेल तर साधं पाणी चालतं.

‘पोळी-भात बंद, फक्त भाकरी’

इथे थोडं थांबायला हवं, कारण निम्मी घरं याच मुद्द्यावर दुभंगतात. १०० ग्रॅम कणकेत सुमारे ३२० कॅलरी, ज्वारीच्या पिठात ३३४, बाजरीत ३४८, तांदळात ३५६. फरक किती, तर नगण्य. खरा फरक मापाचा आहे. घडीच्या पोळीला ३० ग्रॅम कणीक लागते. हाताएवढ्या भाकरीला ६५ ग्रॅम पीठ सहज जातं. म्हणजे एक भाकरी साधारण २१७ कॅलरींची. दोन पोळ्या, घडीत आणि वरून लावलेल्या प्रत्येकी अर्धा चमचा तेलासह, २३० च्या घरात. ‘पोळ्या सोडून दोनच भाकऱ्या खातो’ म्हणणाऱ्याने चार पोळ्यांचं पीठ खाल्लेलं असतं. वर ठेचा, त्यावर कच्चं तेल आणि लोण्याचा गोळा असेल तर हिशेब न केलेलाच बरा.

भाकरीची बाजू खरी आहे ती अशी: पिठात तेल नसतं, चावायला वेळ लागतो, पोट लवकर भरल्यासारखं वाटतं. म्हणून भाकरी जरूर खा, पण एक. आणि ज्याला भाकरी थापता येत नाही किंवा आवडत नाही, त्याने पोळी सोडायचं कारण नाही.

भाताचंही तेच. कोकणात, गोव्यात ‘भात सोडा’ म्हणजे जेवण सोडा. ३० ग्रॅम कच्चे तांदूळ म्हणजे साधारण एका पोळीएवढं धान्य. तांदूळ माणशी मोजून धुवा, शिजल्यावर वाटीचा अंदाज दोन दिवसांत डोळ्यांना बसतो. बिघडतं ते दुसरीकडेच: भात सोडला की त्याच्याबरोबरचं वरणही सुटतं, आणि ज्या ताटात आधीच प्रथिनं कमी होती ती आणखी कमी होतात. ६० किलोंच्या माणसाला रोज सुमारे ५० ग्रॅम प्रथिनं हवीत. पातळ आमटीच्या वाटीत जेमतेम १५ ग्रॅम डाळ असते, म्हणजे ३ ग्रॅम प्रथिनं. घट्ट वरणात त्याच्या दुप्पट. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या २,००० कॅलरींच्या ताटात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिलिलिटर आहे. आपल्याकडे धान्य भरून वाहतं आणि डाळ-भाजी तोंडी लावण्यापुरती. म्हणून धान्य थोडं कमी आणि उसळ, घट्ट वरण, दही, अंडं जास्त. हा बदल सगळ्या घराला चालतो, कुणाचं ताट वेगळं करावं लागत नाही.

‘साखर विष, गूळ अमृत’

१०० ग्रॅम साखरेत ४००, गुळात ३८० च्या आसपास कॅलरी. गुळातलं लोह चहाच्या चमच्यात मोजण्याएवढं नसतं. आणि ‘गुळाचाच आहे’ म्हणून मधुमेही सासऱ्यांना दुसरा कप दिला जातो, हा या वाक्याचा खरा तोटा.

‘सातनंतर खायचं नाही’

अंबरनाथ-विरारकडे परतणारा माणूस आठ-साडेआठला दार उघडतो. त्याला हा नियम म्हणजे रोजचा उपास किंवा रोजचा अपराध. घड्याळ चरबी मोजत नाही, दिवसाची एकूण बेरीज मोजली जाते. उशिराच्या जेवणाची अडचण अशी की दिवसभराची भूक एकदम उसळते, आणि जेवून लगेच आडवं झालं की आंबट पाणी वर येतं. उपाय साधा आहे: साडेपाचच्या सुमारास मूठभर, ३० ग्रॅम फुटाणे (११० कॅलरी, सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं), रात्री बेताचं जेवण आणि झोपेपर्यंत दोन तासांचं अंतर.

धोका मात्र एका गटाला आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याने रात्रीचं जेवण स्वतःहून बंद केलं तर रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं बोलणं ही लक्षणं. माणूस शुद्धीत असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या, १५ मिनिटांनी पुन्हा रक्तातली साखर तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा. जेवणाच्या वेळा बदलण्याआधी गोळ्यांची मात्रा डॉक्टरांकडून बदलून घ्यावी लागते.

‘आठवड्याला दोन उपवास’

एकादशी नि दुप्पट खाशी, ही म्हण कुणा आहारतज्ज्ञाने रचलेली नाही, पण हिशेब चोख आहे. एका ताटलीतला साबुदाणा ७५ ग्रॅम धरला तर २६५ कॅलरी, दाण्याचा कूट २५ ग्रॅम म्हणजे १३५, दोन छोटे चमचे तूप ९०. बटाटा न धरता ४९०. दोन पोळ्या, भाजी, वरण आणि थोडा भात एवढं दुपारचं जेवणही त्याच घरात येतं. खिचडीत भाजी नसते, आणि साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ शून्य. त्यामुळे तीन तासांत पुन्हा भूक लागते आणि वेफर्सचा पुडा फुटतो. उपवास श्रद्धेने करत असाल तर जरूर करा. राजगिऱ्याचं थालीपीठ, दही, काकडीची कोशिंबीर, उकडलेलं रताळं, वरईबरोबर ताक, असं ताट मांडा. मात्र तो वजनाच्या खात्यात लिहू नका.

‘टोकत राहा, लाज वाटली की वजन उतरतं’

सगळ्या मजकुरातलं सर्वांत घातक वाक्य हे. ‘काय गं, किती सुटलीस!’ हे बारशापासून तेराव्यापर्यंत कुठेही ऐकू येतं, आणि म्हणणाऱ्याला आपण काळजी करतोय असंच वाटतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०१४ मध्ये पन्नाशीपुढच्या सुमारे ३,००० लोकांची चार वर्षांची माहिती मांडली. वजनावरून हिणवलं गेल्याचा अनुभव सांगणाऱ्यांचं वजन सरासरी किलोभर वाढलं होतं, इतरांचं पाऊण किलोच्या आसपास उतरलं होतं. त्यामागे काय घडत असावं ते घरातही दिसतं: टोमणे खाल्लेला माणूस चारचौघांत जेवत नाही, नंतर ओट्यापाशी उभ्याने खातो. फिरायला जायचं टाळतो. डॉक्टरांकडे जायचंही टाळतो, कारण तिथेही तेच ऐकावं लागेल.

आणि टोकणारा तरी निरोगी असतो का? २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काटकुळे हातपाय आणि पुढे आलेलं पोट ही आपली ठेवण. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे जादा आणि २५ च्या पुढे लठ्ठ धरतात. काट्याइतकाच टेपही वापरावा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता. मर्यादा पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८०. बायकोला नावं ठेवणाऱ्या ‘बारीक’ नवऱ्याने हे माप आधी स्वतःचं घ्यावं.

शिवाय स्टेरॉइड, इन्सुलिन, ओलांझापीनसारखी मानसोपचाराची काही औषधं, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट यांनी वजन वाढतं, पीसीओएस या बायकांमधल्या हार्मोन्सच्या विकारातही वाढतं. ते टोमण्यांनी उतरणार नाही. लाजेखातर औषध मध्येच सोडलं तर त्याचे परिणाम वजनापेक्षा फार वाईट असतात.

‘वजन उतरलं की चिडचिड जाते’

अर्धपोटी माणसाचा स्वभाव कसा होतो, हे तपासून झालेलं आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने रोज साधारण १,५७० कॅलरींवर ठेवलं, चालायलाही लावलं. त्यांचं वजन सुमारे एक चतुर्थांश उतरलं. आणि जोडीला आलं ते असं: चिडचिड, उदासी, एकलकोंडेपणा, स्त्रीसहवासात रस न उरणं, दिवसरात्र अन्नाचे विचार. काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. आता याच अवस्थेत एक माणूस कल्पा, त्याच्या समोर घरचे बाकीचे पुरी-बटाट्याची भाजी खात आहेत, आणि त्याची वेगळी भाकरी ज्या बाईला थापावी लागली तीही दमलेली आहे.

वेगळं ताट न मांडता ४०० कॅलरी कुठून काढायच्या? आधी तेल. चौघांच्या घरात महिन्याला ५ लिटरचा डबा संपत असेल तर माणशी रोज ३८ ग्रॅम तेल पोटात जातं. पोषण संस्थेच्या ताटात आहे २७ ग्रॅम. डबा फोडला की त्यावर तारीख लिहा आणि तो ४२ दिवस पुरवा. फोडणीला पळी न वापरता चमचा वापरा, पळीने ओतलेलं तेल कुणी मोजत नाही. एवढ्याने माणशी १०० कॅलरी गेल्या. भाजी-कोशिंबिरीतला दाण्याचा कूट माणशी दोन चमच्यांवरून एकावर आणला की ५०. तीन चहांतली साखर दोन चमच्यांऐवजी एक, ६०. चार वाजताचं मूठभर फरसाण, ३० ग्रॅम, म्हणजे १६०. अर्धी वाटी भात कमी, ६०. बेरीज ४३०. मुलं वाढत्या वयाची असतील, कुणी गरोदर किंवा अंगावर पाजणारी असेल, तर त्यांच्यासाठी दूध, भात, शेंगदाणे ताटात वरून वाढवता येतात. कढई एकच राहते.

सगळ्यांच्या शेवटी जेवणाऱ्या बाईचा मुद्दा त्या मजकुरात कुठेच नाही. तिच्या वाट्याला बहुतेक वेळा तळाशी लागलेला भात आणि रस्सा येतो, डाळ संपलेली असते. मग ‘टाकवत नाही’ म्हणून मुलाच्या ताटातली अर्धी पोळीही तीच संपवते. उरलेलं ताटात न घेता तिथल्या तिथे डब्यात भरा. वरण-उसळ वाढतानाच तिची वाटी बाजूला काढा, आणि शक्य असेल त्या दिवशी सगळ्यांनी एकत्र बसा. आग्रह करणाऱ्या आत्याबाईंना ‘डाएट चालू आहे’ सांगितलं की वाद सुरू होतो. ‘पोट भरलं, पण कोशिंबीर वाढा ना थोडी’ म्हटलं की त्यांचा हात कोशिंबिरीकडे वळतो.